तळवा पाहिलाच नाही

नाशिक,
११ ऑक्टोबर २०२५

ती. भागुआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो आहे. तुझ्या पायाची जखम चिघळली, अंगठा काढावा लागेल, कदाचित पाऊलही, हे तुझ्या लेकाने, सोमनाथने सांगितलं. एरवी त्याने माझ्याशी भांडण केलं असतं. या वेळी एवढंच सांगून फोन ठेवला.

डोंगरावर लोकांना नेणं हे माझं काम. मुक्कामाला पोचलो की सगळ्यांना बूट-मोजे काढायला लावतो आणि तळपाय तपासतो. गाडीरस्ता लांब असला की साधा फोडही महागात पडतो. साखरेचा आजार असणाऱ्याला पायात काटा रुतलेला कळत नाही, हे तर घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. तुला साखर आहे हे ठाऊक असून नवरात्रात देवीच्या डोंगरावर अनवाणी येऊ दिलं. रोज सकाळी तुझ्या पाया पडलो, पण आत्याला चार लोकांत पाय वर कर म्हणायला जीभ रेटली नाही. सगळ्यांचे तळवे पाहिले, तुझे सोडून. तोंड दाखवायची लाज वाटते.

रागाव, पण बोल.

तुझा
दिनेश


येवला,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. दिनेशास अनेक आशीर्वाद.

अंगठा गेला, पाऊल राहिलं. रागाने फोन टाळला नव्हता रे. तुझा आवाज ऐकला असता तर खरं सांगावं लागलं असतं.

डोंगर चढताना दुखलं नाही, पण खडकावर माझ्या पायाच्या रक्ताचा ठसा दिसला. तो मी पदराने पुसला. तेवढ्यात तू मागे वळलास, म्हणून बरोबरच्या गोजराबाईला मोठ्याने म्हटलं, की हा बायकोकडे इतक्यांदा वळून बघत असता तर ती माहेरी राहायला गेली नसती. सगळे हसले, तूही हसून पुढे झालास. मला तेच हवं होतं. पाय पाहिलास तर चप्पल घालायला लावशील, आणि भागुबाईचं व्रत अर्ध्यात मोडलं असं गल्लीभर होईल, ही भीती. दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, चप्पल काढ असं देवीने सांगितलं होतं का? मी भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या नवरात्रात गल्लीतल्या बायका तुझ्याबरोबर यायचं म्हणतात. त्याही लपवतील. लोकांना समजावताना तू नेहमी 'एक बाई होती' म्हणतोस. तसं म्हणू नकोस. येवल्याची भागुबाई, माझी सख्खी आत्या, असं म्हण.

भाऊबीजेला माझ्या दादाला घेऊन ये. पाया पडायला वाकशील, तेव्हा आधी तळवा बघ. मी पाय वर करीन.

माया आहे तशी राहू दे.

तुझी
भागुआत्या