पाडव्यापासनं पाचवा दिस

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः आता म्हातारी झाले, गुडघ्यांनी संप पुकारलाय, पण एक गोष्ट अजून माझ्या डोक्यात शिरत नाही. त्या दिवशी माझ्या नगरच्या खोलीत, मला पाटावर बसवून, तू नेमकं ओवाळलंस कुणाला? मला, की तिला? बघ, काय मुहूर्त शोधलाय मी विचारायला! तू होतीस तोवर तोंड शिवून बसले आणि आता कागद काळे करतेय. तुला वाचता तरी कुठं येत होतं म्हणा. मी धाडलेली कार्डं आबा वाचून दाखवायचे आणि तू म्हणायचीस, "खुशाल हाय ना? मग बास." तेवढ्यात माझं अख्खं पत्र संपायचं.

तेव्हा मी विशीतली होते. बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसायचे, कानाला हेडफोन लावून "नंबर प्लीज" म्हणायचे, आणि मार्केट यार्डातल्या अडत्यांचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे. माळीवाड्यात एका खोलीत आम्ही दोघी राहायचो. सोबतीण शेवगावकडची, सरकारी दवाखान्यात नर्स, तोंडाची मोठी फटकळ. स्टोव्हवर एकीनं भात टाकायचा, दुसरीनं कपडे पिळायचे, आणि संध्याकाळी कापड बाजारातून काही न घेता नुसतं मिरवून यायचं. गावात मान खाली घालून चालणारी मी तिथं पायात सँडल घालून टॉक टॉक करत चालायचे. तुला सांगते आये, त्या दिवसांसारखं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

तर एक्स्चेंजात आम्हा तिघींचा वाढदिवस एकाच तारखेला, एक जूनला. पुण्याहून आलेल्या आमच्या सुपरवायझर बाई हसून हसून बेजार. "काय गं, तुमच्याकडं सगळ्या बायका एकाच दिवशी बाळंत होतात की काय?" त्यांना काय ठाऊक, आबांनी शाळेत नेलं तेव्हा मास्तरांनी माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघितला, लागला म्हणजे वय भरलं म्हणाले, आणि वहीत एक जून टाकून मोकळे झाले. सोबतिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुला काय मास्तरानं जल्म दिला का? आईला इचारून ये खरा दिवस. आपण केक आणू, फिरायला जाऊ. रोज रोज लोकायचे फोन जोडतीस, एक दिवस तुझा बी असू दे की!" ती सहज बोलून गेली, पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आपला खरा दिवस कुठला असेल? तोवर हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

शिमग्याला गावी आले. तू चुलीपुढं भाकरी थापतेयस, मी उंबऱ्यावर बसलेय, दारातल्या कडुलिंबाचा पाला पिवळा होऊन झडतोय. मी विचारते, "आये, मी कधी झाले गं?" आणि तू वर न बघता, थाप न चुकवता सांगतेस, "पाडव्यापासनं पाचव्या दिशी. दिस उगवायला. लिंब निस्ता मोहरानं भरल्याला हुता, बाळंतिणीच्या खोलीत वास यायचा." झालं! मी फुगून टम्म. कारण आये, तुझ्या तोंडी माझ्यासाठी कायम म्हशे, भवाने, गतकाळे, एवढीच नावं. कौतुक म्हणून कधी पाठीवर हात फिरवला नाहीस. आणि त्याच तुझ्या जिभेवर माझा दिवस असा तयार, अगदी मोहराच्या वासासकट! मी लगेच म्हटलं, "या वर्षी तू ये नगरला. माझा वाढदिवस करायचाय." मला वाटलं तू म्हणशील, म्हशीची धार कोण काढंल. मला टायफॉइड झाला होता तेव्हाही तू असंच म्हणून आबांना पाठवलं होतंस. पण तू नुसती तव्यातल्या भाकरीकडं बघत राहिलीस. भाकरी करपली. मग म्हणालीस, "येते."

परतीच्या एस.टी.त शेजारच्या अनोळखी बाईलाही मी सांगितलं, माझा वाढदिवस पाडव्यापासनं पाचव्या दिवशी असतो. ती म्हणाली, "बरं हाय."

आणि तू खरंच आलीस. श्रीगोंद्याच्या गाडीतून उतरलीस ती लग्नकार्यातलं हिरवं लुगडं नेसून, काखेत गाठोडं, डोक्यावर पदर, बसस्टँडच्या गर्दीत घाबरलेली. तोवर मला वाटायचं, तू कशालाच भीत नाहीस. खोलीत आल्या आल्या मात्र तू ताबा घेतलास. फरशी पुसलीस, पाट मांडलास, कणकेचा दिवा केलास. गाठोड्यातून पुरणाच्या पोळ्या काढल्यास आणि साखरेची गाठी काढलीस, पाडव्याला गुढीला बांधतात आणि पोरांच्या गळ्यात घालतात ती. इतक्या मोठ्या घोडीच्या गळ्यात साखरेची माळ! सोबतीण दारात उभी राहून खिदळत होती. पण तू ओवाळायला लागलीस आणि ती पण आत येऊन पाटाशेजारी उभी राहिली. तू माझ्या गालांवरून भेगाळलेली बोटं फिरवलीस, कानशिलांवर मोडलीस आणि म्हणालीस, "जग माझी बाय. शंभर वर्सं जग माझी बाय." आये, त्याआधी तू मला बाय म्हणालीस असं मला एकदाही आठवत नाही. मला हुंदकाच फुटला. दिव्याच्या धुरानं डोळ्यांत पाणी आलं, असं मी सोबतिणीला सांगितलं.

मग आम्ही तिघी पाथर्डीच्या गाडीनं चांदबीबीच्या महालाला गेलो. पायथ्याला उतरून वर चढायचं. काय ऊन होतं आणि काय वारा होता! उतारावर पळस पेटलेला, लिंबांना कोवळी तांबूस पानं आणि त्यात मोहर, बुलबुलांचा नुसता कलकलाट. नवीन साडी, हातात उसना ट्रान्झिस्टर, सुट्टीचा दिवस, आणि आई सोबत. भिंगारहून आणलेला केक एस.टी.त कुणीतरी दाबला होता, त्याचा लगदा झालेला. तरी आम्ही तो बोटांनी खाल्ला. तू तोंडात घोळवून म्हणालीस, "ह्येला चावायचंच न्हाई व्हय? दात पडल्याल्यांचं खाणं दिसतंय!" आणि इतकी हसलीस की पदर तोंडाला लावलास. तुझं ते हसणं मी अजून जपून ठेवलंय, खरंच सांगते.

महालात आत गेलो. दगडी, अठकोनी, उंच, आत गार. तळघरातली कबर बघून तू हात जोडलेस आणि विचारलंस, "ही चांदबीबी का?" सोबतीण म्हणाली, "नाही हो मावशी. लोक चांदबीबीचा महाल म्हणतेत, पण हितं निजामशाहीतला कोण वजीर पुरलाय. तिचा काहीच संबंध नाही." तू म्हणालीस, "म्हंजी नाव एकीचं आन् निजलंय दुसरंच?" ती म्हणाली, "हां, तसंच." आणि पायऱ्या चढून वरच्या मजल्यावर निघून गेली. तू मात्र तिथंच उभी. मग बाहेर आलीस, उतारावरच्या एका लिंबाखाली गेलीस, आणि गाठोड्यातून दुसरी गाठी काढलीस. मला ठाऊकच नव्हतं दोन आणल्यास म्हणून. ती तू वाकलेल्या फांदीला बांधायला लागलीस.

"ही कुणाला गं?"

"तिला." तू गाठ मारत होतीस. "दिस तिचाच हाय आज. तुझा न्हाई."

माझ्याआधी तुला एक लेक झाली होती आणि दोन वर्षांची होऊन गेली, हे मला आत्याकडून उडत उडत ठाऊक होतं. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. तू म्हणालीस, "तू इचारलंस, मी कधी झाले, आन् माज्या तोंडात तिचाच दिस आला. मग तू लई हौसेनं सगळं ठरवाया लागलीस. म्हनलं, व्हवू दे. तिचा बी एकदा व्हवू दे. तिचा कुनी केलाच न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. की रडू आलं? दोन्ही एकदम आलं वाटतं. मी म्हटलं, "मग माझा कधी?"

तू विचार केलास. खरोखर केलास, कपाळाला आठ्या घालून. आये, ती आठी मला सगळ्यात जास्त लागली. "पावसाळा हुता," तू म्हणालीस. "बाजरी खुरपायला गेल्ते आन् कळा आल्या. कामं लई हुती गं. दिस ध्यानात न्हाई."

"तिचा बरा राहिला ध्यानात!"

"ती गेली ना," तू म्हणालीस. "तिचं ध्यानातच धरावं लागतंय. तू काय, हायेस की म्होरं. रोजच हायेस."

तेवढ्यात वरून सोबतीण हाका मारायला लागली, कैरी कापलीय, तिखटमीठ लावलंय, या लवकर. आणि मी गेले. गंमत बघ, मी गेले आणि कैरी खाल्ली आणि गरजेपेक्षा मोठ्यांदा हसले. ऊन तेच, वारा तोच, पळस तसाच लालभडक. खाली नगर दिसत होतं, आणि माझ्या गळ्यातली साखर घामानं चिकट होऊन मानेला लागत होती. ती काढून टाकावी की राहू द्यावी, तेही मला ठरवता येईना. कुणाची होती ती? तुझं ते "रोजच हायेस" मी पुढं आयुष्यभर उलटसुलट करून बघितलं. कधी वाटतं, यापेक्षा मोठं काय बोलायचं आईनं. आणि कधी वाटतं, छे, ही सारवासारव होती, आठवत नव्हतं म्हणून जे सुचलं ते बोललीस. एकदा तर माझ्या बाळंतपणात तू जवळ बसली होतीस तेव्हा विचारणारच होते. पण तू नातीचं डोकं तेलानं चोळत होतीस, तिला बाय म्हणत होतीस, आणि माझी जीभ उचललीच नाही.

परत येताना गाडीत तू माझ्या खांद्यावर मान टाकून झोपलीस. माळीवाड्याला तुला श्रीगोंद्याच्या गाडीत बसवलं. मी घुश्शातच होते, खिडकीपासून हातभर लांब उभी. गाडी हलली तशी तू खिडकीतून डोकं बाहेर काढलंस आणि सगळ्या स्टँडाला ऐकू जाईल असं ओरडलीस, "म्हशे! येळेवर जेवत जा! हाडं निघालीत नुस्ती!" बाकावरची माणसं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खोलीवर येईपर्यंत कुठंतरी, का कोण जाणे, बरंही वाटत होतं. सोबतिणीनं विचारलं, कसा झाला वाढदिवस? मी म्हटलं, झाला. कुणाचा ते तिला कधीच सांगितलं नाही.

तेव्हापासून दर वर्षी पाडव्यापासनं पाचव्या दिवशी मी दोन गाठ्या आणते. तू होतीस तोवर तुला चोरून, नंतर उघड. एक देवापुढं ठेवून संध्याकाळी मी खाते, दुसरी आमच्या सोसायटीच्या आवारातल्या लिंबाला बांधते. वॉचमन म्हणतो, आजीनं नवस बोललाय. मुंग्या लागतात, दोन दिवसांत नुसता दोरा उरतो. तिचं नाव मला कधी कळलंच नाही म्हणून मी मनातल्या मनात तिला बायच म्हणते, कारण तो शब्द तिचा होता असं मी धरून चाललेय. माझा म्हशे. आता मला म्हशे म्हणणारं कुणी उरलं नाही, आये. घरातले सगळे एक जूनला केक आणतात आणि मला अहो-जाहो करतात.

हे कागद घडी करून मी फडताळात टाकणार, दुसरं काय. पण एक सांगायचं राहिलं. या वर्षी मी लिंबाखाली गेले नाही. गुडघ्याचं निमित्त होतं, पण खरं तर मनातच नव्हतं. म्हटलं, इतकी वर्षं तिला दिलं, एक वर्ष पुरतं माझं असू दे. डॉक्टरनं साखर बंद केलीय, तरी दार लावून घेतलं आणि दोन्ही गाठ्या मीच कडाकडा फोडून खाल्ल्या. पहिली कुणाची खाल्ली म्हणशील, तर ध्यानात न्हाई.