शेवट दादाकडे

४ मार्च

रंगारी उद्या येणार. म्हणजे कपाट रिकामं करायचं. म्हणजे सगळी लाज बाहेर!

पुस्तकं जमिनीवर उतरवली आणि त्यांतून डोकावणाऱ्या खुणा बघून हसावं की रडावं कळेना. बसची तिकिटं, औषधाची चिठ्ठी, एका पुस्तकात तर चक्क केसांची पिन. सगळ्या मध्यावर, नाहीतर मध्याच्या जरा पुढे. एकीनेही शेवट गाठलेला नाही. जन्मभर नोकरी केली, एक फाइल अर्धवट ठेवली नाही. स्वेटर पुरे केले, भांडणं पुरी केली. पुस्तकं मात्र — सोडली ती सोडली.

लेक म्हणाली, "आई, नाही आवडलं तर सोडायचं, त्यात काय एवढं? कुणी परीक्षा घेणार आहे का?"

बरोबर आहे तिचं. पण आवडलेलीसुद्धा सोडलीत ना मी! त्याचंच वाईट वाटतं. कुणी प्रेमाने जेवायला बोलवावं आणि आपण अर्ध्या ताटावरून उठून यावं, तसं.

५ मार्च

रंगारी आलाच नाही. पुस्तकं अजून जमिनीवर. आज दोनदा ठेचकाळले. सूड उगवतायत!

७ मार्च

रंगाऱ्याने भिंतीची भोकं बुजवायला काहीतरी कालवलं. त्याचा वास थोडासा खळीसारखा. हातातलं काम तसंच राहिलं.

आमचं अख्खं लहानपण खळीच्या वासाचं. बाबा बाइंडर. वाचनालयाची फाटकी पुस्तकं बाहेरच्या खोलीत यायची. बाबा ती उसवायचे, पानांचे जुडगे सुटे करायचे, फाटलेल्या कडांना पातळ कागद चिकटवायचे आणि सगळं जमिनीवर वाळत घालायचे. मी त्या सुट्या पानांत लोळून वाचायचे. "वाच हवं तेवढं, पण क्रम मोडलास तर बघ," एवढीच बाबांची अट. सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझं. एक डोळा दोऱ्यावर, एक पानावर.

पण व्हायचं काय — पानं वाळली की बाबा शिवायला घ्यायचे. शिवलं, पुठ्ठा चढवला, शिकंज्यात दाबलं, की निघालं पुस्तक वाचनालयात. माझं आपलं अर्धंच! मी भोकाड पसरायचे. मग दादा यायचा कामाला. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. गठ्ठा पोचवून यायची जबाबदारी त्याची. वाचनालयाच्या पायरीवर बसून तो शेवट वाचून यायचा आणि संध्याकाळी खळीचं पातेलं घासता घासता मला सांगायचा. आवाज बदलून, हातवारे करून. साबणाचा फेस भिंतीवर उडायचा.

सुरुवात माझी, शेवट दादाकडे. त्या सवयीने वाया गेले मी! पुढे लग्न झालं, पुस्तकं विकत घेता येऊ लागली, पण शेवट सांगणारा घरात नव्हता.

९ मार्च

वहिनीचा फोन. दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हा चांगला डोळा, दुसरा तर केव्हाच गेलाय. आता काही दिवस पालथं पडून राहायचं, तोंड खाली करून. डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, तो जागेवर चिकटायला हवा. चिकटला की नाही ते तपासणीत कळेल.

"वन्सं, नुसती चिडचिड चाललीय. रेडिओ नको, गाणी नकोत. ठमीला बोलवा, ती वाचून दाखवेल, एवढंच धरून बसलेत."

मी! वाचून दाखवायला!

भीती वाटते. बाबांच्या मागे बाइंडिंगचं दुकान दादानेच चालवलं. अजूनही रोज काहीतरी शिवत बसलेला असतो. पडदा नाही चिकटला तर काय करेल तो?

१० मार्च

गेले. पलंगावर भोक असलेली उशी, भोकात दादाचं तोंड. मला दिसतं फक्त टक्कल. टकलाला वाचून दाखवायचं!

"आलीस? शेवटपर्यंत वाचणार ना, की मध्येच पळणार?"

"पळाले तर धरून आणायला तू उठू शकत नाहीस," मी म्हटलं. उशीतून हसला.

कुठलं वाचू विचारलं. "ते निळं, जाड. माझं वाचायचं राहून गेलंय."

गोष्ट एका म्हाताऱ्या शिंप्याची. त्याची नजर हळूहळू जातेय आणि तो घरात कुणाला कळू देत नाही. मी म्हटलं, दादा, आत्ता हे कशाला, दुसरं काहीतरी बरं बघू. "हेच," म्हणाला. हट्टी तो हट्टीच.

१२ मार्च

शिंप्याच्या मेव्हण्याच्या खटल्यात लेखकाने मुक्कामच ठोकलाय. एकटी असते तर कधीच पिन खोचून मोकळी झाले असते. शेवटी गुपचूप चार पानं एकदम उलटली.

"ठमे, एवढ्यात कोर्ट उठलं?"

कान आहेत की काय आहेत! मुकाट्याने मागे गेले.

१४ मार्च

रंग झाला. पुस्तकं परत लावताना तळातून नावाड्याच्या मुलीच्या गोष्टीचं पुस्तक निघालं. लहानपणी सुट्या पानांत अर्धं वाचलेलं. वाचनालयाने जुनी पुस्तकं विकायला काढली तेव्हा दिसलं, आणि बाबांच्या हातची शिवण बघून घेऊन ठेवलं. उघडलं मात्र कधीच नाही. शेवट मला पाठ! आजारी आई बरी होऊन नावेतून परत येते, मुलगी नदीकाठी धावत जाते, आणि आई तिथेच बसून तिची वेणी घालते. दादाने माझीच वेणी घालून दाखवली होती, खळीच्या हातांनी. केस चिकटले म्हणून मी किती हसले होते.

म्हटलं, सध्या वाचनाचं वारं अंगात शिरलंय तर हे तरी पुरं करू. दुपारी बसून संपवलं. आयुष्यातलं पहिलं!

आई परत येत नाही. शेवटाच्या बऱ्याच आधी मरते. नाव नाही, नदीकाठ नाही, वेणी तर नाहीच.

आमची आई तेव्हा दवाखान्यात होती.

१५ मार्च

गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. दुखतही होतं.

त्या दिवसांतले दादाचे सगळे शेवट आठवत बसले. एकूण एक आजारी माणूस बरा झाला होता! म्हणून तर मला खात्री होती. घरात सगळे रडत होते आणि मी दारात फणी घेऊन उभी. आई आली की वेणी घालून घ्यायची म्हणून. शेजारच्या बाई म्हणाल्या, "हिला कुणी सांगितलं नाही का?" नव्हतं सांगितलं. आणि दादाला माहीत होतं. डॉक्टर बाबांशी बोलले तेव्हा तो बाबांच्या शेजारीच उभा होता.

चौदा वर्षांचा पोर तो, कळतं मला. तरी राग येतो. या वयात, इतक्या उशिरा, इतका राग!

१६ मार्च

गेले. त्याला काही बोलले नाही. पण ठरवलंय — याला अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचं. आपल्याकडून गोडवा घालायचा नाही.

शिंप्याला आता सुईचं नेढं दिसत नाही. वाचत गेले. मध्येच दादा म्हणाला, "तुझा आवाज आईसारखा झालाय गं."

पाणी पिऊन येते म्हणून उठले.

१९ मार्च

शेवटचं प्रकरण. पुस्तक घरी आणलं होतं, जाताना बसमध्ये आधीच वाचून घेतलं. शिंप्याची नजर पूर्ण जाते. दुकान दुसऱ्याला देतो, कात्री देऊन टाकतो, आणि दारातल्या खुर्चीवर बसून राहतो. संपलं.

पोचले तर दादाच्या मानेवर उशीचे वळ उठलेले. एक हात पलंगाखाली लोंबत होता. दुसऱ्या हाताची बोटं चादरीच्या कडेची शिवण चाचपत होती, टाका टाका करत.

आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. एका सकाळी शिंप्याला दिसायला लागलं! दोरा पहिल्याच खेपेला नेढ्यातून गेला. नातीचा झगा त्याने स्वतः शिवला, लेसही लावली. पानं उलटल्याचा आवाज करत होते अधूनमधून.

"संपलं?"

"संपलं."

"बरं."

परत येताना खिडकीशी बसून रडले. दादावरचा राग शोधला, सापडला नाही. त्या पोराने रोज संध्याकाळी हे कसं केलं असेल?

२० मार्च

उद्या तपासणी.

दादा उशीतून म्हणाला, "ठमे, ते पुस्तक मी वाचलेलं आहे. दोनदा. शेवटी त्याला दिसत नाही. मला तेच ऐकायचं होतं. उद्या काय ऐकावं लागेल माहीत नाही, आधी तुझ्या तोंडून ऐकलेलं बरं."

पुन्हा उघडलं. जसं छापलंय तसं वाचलं. दुकान, कात्री, खुर्ची, सगळं. माझा उजवा हात त्याने धरून ठेवला होता, पानं डाव्या हाताने उलटली.

संपल्यावरही हात सोडला नाही. मग म्हणाला, "आईच्या वेळी मला असं वाचता आलं नाही गं."