ग्रहणातली विळी

आई, तू जाऊन अठरा वर्षं झाली आणि तुझ्याशी बोलायला मला आत्ता सवड मिळाली, तीही तुझ्या लाडक्यामुळे. तुझा लेक चौतीस वर्षांचा झाला. अजून एक शब्द बोलत नाही, अजून सगळ्यांना बघून हसतो आणि रंकाळ्याचं पाणी दिसलं की टाळ्या पिटतो. फिट मात्र आता क्वचित येते. मी राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासते, हे तुला माहीत नाही. तू होतीस तेव्हा सुई बघून मी पळून जायची.

गेल्या वर्षी पुण्याहून एक संशोधक मॅडम आल्या. त्या त्याच्याच आजारावर काम करतात. त्याचं रक्त मीच काढून दिलं. त्या रक्तातल्या पेशींना त्यांनी आपण रक्त आहोत हेच विसरायला लावलं, गर्भातल्या पहिल्या दिवसांसारख्या कोऱ्या केल्या आणि त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवल्या. म्हणजे हा इथं माझ्यासमोर भाकरी कुस्करतोय आणि याच्या मेंदूच्या पेशी पुण्यात बशीत वाढतायत.

मॅडमनी समजावलं की जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. पण या एका जनुकाची वडिलांची प्रत मेंदूत मुळातच गप्प केलेली असते, सगळं काम आईच्या प्रतीवर. मी म्हटलं, आमच्या घरात तेच होतं की! अण्णा फाउंड्रीतून येऊन गप्प बसायचे आणि राबायचीस तू. त्या हसल्या, मग म्हणाल्या, याच्यात नेमकी आईची प्रतच गळलीय. म्हणजे दोष पुन्हा तुझ्यावरच?

कारण मला तो दिवस दिसतो. तुला पाचवा महिना आहे. ग्रहण लागलंय, दार आतून बंद, घरात आपण दोघीच. मी सहा वर्षांची, भुकेनं रडतेय. तू थोडा वेळ मला समजावतेस, मग विळी घेतेस आणि पेरू चिरून माझ्या हातात देतेस. पुढं तो जन्मला, वर्षाचा झाला तरी बसेना, तेव्हा आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "गिराणात इळी धरली हिनं, आता पोराला भोगाय लागतंय." तू नंतरच्या प्रत्येक ग्रहणाला घोटभर पाणीही घेतलं नाहीस. एकदा वही फाडली म्हणून मी त्याला चापट मारली, तर तू माझा हात धरलास. "त्याला मारू नगंस. चूक माझी हाय, मला मार."

मॅडमना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, याचं तर गर्भ राहतानाच ठरून गेलं होतं. आपोआप होतं ते, आईनं काही केल्यानं नाही." आई, तू विळी घेतलीस त्याच्या कितीतरी आधी ते होऊन गेलं होतं. तुझी चूक नव्हती. कधीच नव्हती. आणि अजून एक सांगते, बशीतल्या पेशींवर औषध घातल्यावर अण्णांची गप्प प्रत थोडी बोलायला लागलीय. माणसाला द्यायला अजून वेळ आहे, याला कितपत उपयोग होईल तेही सांगता येत नाही. पण वाट बघण्यासारखं काहीतरी आहे, याचंच मला फार बरं वाटतं.

रविवारी त्याला घेऊन पन्हाळ्याला आत्याकडे गेले. ऐंशी उलटली तिची. सगळं ऐकून ती बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "मी येवढी वर्सं तिला बोल लावत आलो की गं," म्हणाली आणि रडली. मग डोळे पुसून मला विचारलं, "पर मला तरी कुणी सांगितलं व्हतं? मी तर तवा हितं सासरी व्हतो."

मी म्हटलं, आठवत नाही.

आठवतं, आई. पेरू किती गोड होता हे सांगायच्या नादात मीच तिला सांगितलं होतं. तुला हे कळलेलं असणारच. तरी तू माझं नाव कधी घेतलं नाहीस, ना अण्णांपुढे, ना माझ्यापुढे. हे पत्र त्याच्या रिपोर्टांच्या फायलीत ठेवून देते. आत्याला मी अजून सांगितलेलं नाही.