शेंदूर लागलेला नमुना

अंधेरी, ८ जानेवारी २०२६

दगड मिळणार नाही. आईला फोन करून मागतेस, मला विचारायला तोंड नव्हतं? फोनवर ऐकू येत नाही मला, पत्र वाचता येतं.

चि. नेत्रास आजी कृष्णाबाईचे आशीर्वाद.

दिवाळीत मला गावदेवीच्या डोंगरावर नेलंस, तू त्याला गिल्बर्ट हिल म्हणतेस. मी गुडघे धरत ओटी भरायला वर, आणि तू डोंगराच्या त्या काळ्या दगडी खांबांना गाल लावून उभी. म्हणालीस, जमिनीच्या पोटातला उकळता रस थिजून हा डोंगर झाला, त्याच काळात डायनासोर मेले, खायलासुद्धा काही उरलं नाही. मी म्हटलं, मेले ते मेले, त्यांचं सुतक आपल्याला कशाला? हसलीस, आणि पायथ्याशी पडलेला तुकडा पिशवीत टाकलास. तो इथेच विसरून नागपूरला गेलीस.

देवीच्या डोंगराचा तुकडा काय चपलांजवळ ठेवू? धुतला, शेंदूर लावला, देव्हाऱ्यात बसवला. त्याच दिवशी तुझ्या बापाने वाटीभर पेज घेतली. डॉक्टरांनी घरी पाठवला म्हणजे सुधारतोय, असं तुझी आई सांगते. शेवंतीला खोटं बोलता येत नाही, एवढं मला माहीत आहे. माझा लेक धर्मा परत बोटीवर जाईपर्यंत दगड जागचा हलणार नाही. कॉलेजात दुसरा दाखव.

वेळेवर जेव. माया आहे तेवढी आहे, लिहून वाढत नाही.

आजी

*

नागपूर, १५ जानेवारी

ती. आजीस नेत्राचा सा. न. वि. वि.

पत्र वाचताना मासळी बाजारातला तुझा आवाज कानात आला. वर्षभराचा माझा अभ्यास त्या एका नमुन्यावर अडलाय, सर ओरडतायत. पण राहू दे. देव्हाऱ्यातच ठेव, हवं तर बाबांच्या उशाशी ठेव. सरांना सांगेन, हरवला.

बाबांना जे खावंसं वाटेल ते दे. पथ्य बघू नकोस. परीक्षा झाली की मार्चमध्ये येते.

रागाव हवं तेवढं, पण मला परकी करू नकोस.

तुझी नेत्रा

*

अंधेरी, २२ जानेवारी

पथ्य बघू नकोस म्हणे! एवढं शिकलीस ते मला हे असं कळवायला?

चि. नेत्रास आशीर्वाद.

लहानपणी तुटकी पेन्सिल कुणाला दिली नाहीस. ती तू वर्षाचा अभ्यास सोडून दगड ठेव म्हणतेस, तेव्हाच कळलं. शेवंतीला समोर बसवलं. आधी रडली, मग बोलली. लिव्हर संपलंय, करण्यासारखं काही नाही, म्हणून घरी पाठवलंय. सगळ्यांना ठाऊक, माझ्याशिवाय. जन्मभर मासळी विकली, शिळा पापलेट मला कुणी कधी खपवला नाही. घरच्यांनी खपवला.

धर्माला सुरमई तळून दिली. वास घेतला आणि ताट सरकवलं.

दगड काथ्याने घासला. खाचांतला शेंदूर निघत नाही. एवढाली जनावरं ज्याच्यासमोर मेली, तो माझं एक पोर काय राखणार? सुतक कशाला, असं मीच म्हटलं होतं. तुझी वस्तू पिशवीत बांधून ठेवलीय. टपालाने येणार नाही, येऊन ने.

मार्च म्हणालीस. त्याच्याकडे मार्च नाही. रोज विचारतो, पोरगी कधी येणार? शेवंती म्हणते, येईल. आजपासून त्याला उत्तर मी देणार नाही, तुझी आई देणार नाही. तू द्यायचंस, त्याच्या खाटेजवळ उभी राहून.

आजी