सब्लो

१२ जानेवारी, सोमवार

मीनलचा बंगळुरूहून फोन. वास्तुशांत ८ फेब्रुवारीला, रविवारी. आम्ही दोघांनी तीन दिवस आधी यायचं आणि विमानानंच यायचं. डॉक्टरांनी कुसुमला रेल्वे बंद केली आहे. उजवा गुडघा गेला, डावा त्याच्या वाटेवर, डब्याच्या त्या लोखंडी पायऱ्या आता जमणार नाहीत.

फोन स्पीकरवर होता. कुसुम वाटाणे सोलत होती. म्हणाली, "मले नाही यायचं विमानानं."

"काहून वं आई?"

"तुह्या बापाले विचार."

बाप शेजारीच बसला होता. त्याला कोणी विचारलं नाही.

१३ जाने.

विमान कंपनीत छत्तीस वर्षं, सगळी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर, काउंटरवर. बायको एकदाही उडाली नाही. वाक्य लिहून पाहिलं. लोक हसतील असं आहे.

पास दरवर्षी मिळायचा. पण पास म्हणजे सब्लो. सब्जेक्ट टू लोड. पैसे भरलेले सगळे बसल्यावर जागा उरली तर बसा, नाही उरली तर घरी जा. कु. तीनदा नवी साडी नेसून विमानतळावर आली आणि तीनदा रिक्षानं परत गेली. गल्लीतल्या बायका विचारत, काय वं, मुंबई पाहून आली का? ही म्हणे, नाही, विमान पाहून आली.

चौथ्या वेळी आत जाऊन बसली होती. ते राहू दे.

घरात तो शब्द तिनंच रुळवला. नळ येईल का? सब्लो. कामवाली? सब्लो. मीनलचं पहिलं स्थळ फिसकटलं तेव्हा म्हणाली, ते सब्लोच होतं, मले पहिल्या दिवशीच समजलं.

(डायरीत 'कु.' लिहायची सवय लग्नापासूनची. मीनलनं लहानपणी विचारलं होतं, बाबा, ही कुमारी कोण?)

१५ जाने.

गुडघ्यानं काम केलं. रात्रभर ठणकला. सकाळी कु. स्वतःच म्हणाली, "तिकीट पक्कं असन तरच येईन. पक्कं म्हणजे पक्कं. नावाचं."

मीनलनं तासाभरात काढलं. ५ फेब्रुवारी, सकाळचं. खिडकीची जागा, शिवाय व्हीलचेअर. माझंही काढत होती. मी नको म्हटलं. कंपनी कुणाची कुणाची झाली, पण निवृत्तांना वर्षाचा पास अजून आहे. हक्काचा आहे, वाया का घालवायचा? शिवाय गुरुवार सकाळ, गर्दी नसते. छत्तीस वर्षांचा अंदाज आहे माझा.

कु. : "सुंभ जळला तरी पीळ नाही जात."

१९ जाने.

मिहानच्या बाजूला विमानतळाच्या नोकऱ्यांसाठी मुलंमुली तयार करणारी एक संस्था आहे. शेजारच्या ढोबळ्यांची सून तिथं शिकवते. तिचं म्हणणं, काका, आमच्या पोरांना जुना काळ सांगा. तासभर. मी म्हटलं पाहू. पाहायचं काय होतं, मनात भाषण तिथंच सुरू झालं.

२१ जाने.

मुद्दे काढले. एका प्रवाशाला पोचवायला तीस माणसं, हार, पेढे. गच्चीवरून रुमाल हलवणारी घरंच्या घरं. प्रवाशाचंही वजन करत होतो. लकडगंजच्या एका लाकूडवाल्या शेठजींनी काट्यावर चढायच्या आधी चपला काढल्या आणि हात जोडले. बोर्डिंग कार्ड हातानं लिहायचो, माझं अक्षर चांगलं. कानात घालायला कापूस, तबकातून चॉकलेट. चिनी मातीच्या बश्या, खरे काटेचमचे (मोजून परत घ्यायचे, तरी कमी भरायचे). आणि अगदी सुरुवातीला पाहिलेली रात्रीची डाक : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चार दिशांची चार विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरत, टपालाच्या थैल्या अदलाबदल होत आणि तोवर प्रवासी कॉफी पीत. अर्धी रात्र झाली की सगळा हिंदुस्थान आपल्या दारात उभा असे. नागपूर देशाच्या मध्यावर आहे याचा उपयोग झालेला मी तेवढाच पाहिला.

शेवट नेहमीच्या गोष्टीनं. बायकोला उतरवलं ती.

कु.ला वाचून दाखवलं. सगळं ऐकलं. कॉफीपर्यंत हसली सुद्धा. शेवटची गोष्ट सुरू झाली तशी चहा ठेवायला उठली. ही गोष्ट निघाली की ती चहा ठेवते. आजवर मला वाटत आलं, लाजते.

२३ जाने., शुक्र.

भाषण झालं. चाळीसेक मुलंमुली, सगळ्यांचे केस एकसारखे बसवलेले. काट्यावरच्या शेठजींना भरपूर हशा. रुमाल हलवण्याचं त्यांना समजलं नाही. आत जाताना हात हलवून मग सगळे फोनवर बोलतच असतात, म्हणे.

मग ती गोष्ट. सत्तर संपत आलेले. मुंबईचं पंख्याचं विमान, दार लागायला पाच मिनिटं. कु. आत, पट्टा लावून. बहिणीच्या डोहाळजेवणाला चालली होती. तेवढ्यात पैसे भरलेला एक प्रवासी धावत आला. जागा नाही. मी शिडी चढून वर गेलो आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या बायकोला खाली उतरवलं. नियम म्हणजे नियम.

टाळ्या. आमच्या स्टेशन मॅनेजर साहेबांनी तेव्हा पाठ थोपटली होती तेही सांगितलं. आणखी टाळ्या.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, त्या विमानात पासवर दुसरं कुणी नव्हतं का?"

म्हटलं, नाही.

शाल, नारळ, चहा, समोसा. ढोबळ्यांच्या सुनेनं घरी सोडलं.

२४ जाने.

होता.

साहेबांचा मेव्हणा. चवथ्या रांगेत, तोही पासवर. आणि मेव्हणा कुटुंबात धरत नाहीत, बायको धरतात. नियमानं पहिला तो उतरायचा. मी यादी केली होती, मला पाठ होतं. साहेब शिडीच्या खाली उभे होते. माझ्या गुवाहाटीच्या बदलीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. मी वर गेलो, मेव्हण्याकडे पाहिलं आणि कु.ला म्हटलं, चल, उतर.

बदली झाली नाही. नागपूर कधीच सोडावं लागलं नाही. हे घर, मीनलची शाळा, सगळं त्या पाच मिनिटांवर उभं आहे असं म्हटलं तर फार खोटं नाही.

सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं ही गोष्ट सांगतोय. लग्नात, निरोपसमारंभात, जावयाच्या पहिल्या भेटीत. इतकी सांगितली की मेव्हणा मला आठवेनासाच झाला होता. त्या मुलीला 'नाही' म्हणताना खोटं बोलतोय असंही वाटलं नाही. ते घरी आल्यावर वाटलं. लाज वाटली.

२६ जाने.

सुटी. ऊन चांगलं. गच्चीवर संत्री खाल्ली. डोक्यावरून दिल्लीचं विमान गेलं. विमानतळाला लागून असलेल्या खामल्यात राहून कु. कधी वर पाहत नाही. आज पाहिलं. "केवढं मोठ्ठं हाये," म्हणाली. एवढंच.

२८ जाने.

उतरवलं तेव्हा तिच्या तोंडात तबकातलं चॉकलेट होतं. नुकतंच घेतलेलं. शिडी उतरताना, मागून येताना, रिक्षात बसेपर्यंत ती ते चघळत नव्हती. गाल तसाच फुगलेला. थुंकली की गिळली, मला माहीत नाही. हे भाषणात कधी आलं नाही.

२ फेब्रु.

सांगायचं ठरवलं. दुपारी, ती मेथी निवडताना.

मी : "ते मुंबईचं विमान आठवतं का?"

कु. : "कोणतं? मी तर कोणत्याच विमानात नाही बसली."

मेथी निवडून झाली. मी काड्या टाकून आलो.

३ फेब्रु.

कु.ची बॅग भरून तयार. हिरवी साडी वर ठेवली आहे. डोहाळजेवणाला निघाली तेव्हाही हिरवीच होती. ही ती नव्हे, ती बोहारणीला गेली. तिकिटाचा कागद दोनदा छापून आणायला लावला. एक पर्समध्ये, एक ब्लाउजमध्ये. मी म्हटलं, फोनवर असतं ना. "फोन बंद पडला तर? मंग तुम्ही आहातच उतरवाले."

हसत म्हणाली. मीही हसलो.

मीनलचा फोन : बाबा, तुमचंही काढू का, अजून आहेत तिकिटं. मी म्हटलं राहू दे. का म्हटलं, नक्की सांगता येत नाही. आधी हट्ट होता. आता वाटतं, एकदा काउंटरच्या प्रवाशाच्या बाजूला उभं राहून पाहावं. हे मीनलला काय सांगणार?

५ फेब्रु., गुरुवार. विमानतळ. काउंटरसमोरच्या खुर्चीवर.

लिहायला वेळ आहे म्हणून इथंच.

गर्दी. कुठल्याशा लग्नाचं अख्खं वऱ्हाड याच विमानानं चाललंय, सगळ्यांच्या डोक्याला एकसारखे गुलाबी फेटे. छत्तीस वर्षांच्या अंदाजाचं हे असं.

कु.ची बॅग गेली, बोर्डिंग कार्ड आलं. काउंटरवरच्या मुलानं माझा पास पाहिला. "काका, काउंटर बंद झाल्यावर सांगतो." पुढचं मला पाठ आहे.

व्हीलचेअर आली. ढकलणारी बाई हिंगण्याची, बोलकी. कु. खुर्चीत ऐसपैस बसली, मांडीवर पर्स, मुठीत कार्ड. व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यांच्या आधी चढवतात हे कळल्यावर म्हणाली, "आं! सगळ्यांच्या पयले?"

तेव्हा मी म्हटलं. इतक्या लोकांत, उभ्या उभ्या. "कुसुम, त्या दिवशी विमानात साहेबांचा—"

"मेव्हणा."

वाक्य तिनंच पुरं केलं.

"माह्या बाजूलेच तर बसला होता. मले म्हणे, भाभीजी, हम दोनों तो पासवाले हैं, राम भरोसे. तुम्ही वर आले, त्याच्याकडे पाहिलं अन् मले उठवलं. मले काय समजलं नसन?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मी काहून बोलू? वाटलं, तुम्ही आज सांगान, उद्या सांगान. मीनल झाली, तिचं लग्न झालं, तिची पोरगी कॉलेजात गेली. तुम्ही आपले टाळ्या घेऊन राहिले."

आवाज चढवला नाही. नळ गेला असं सांगावं तसं सांगितलं.

"ते चॉकलेट," मी विचारलं. माणूस नको ते विचारतो. "काय केलंस त्याचं?"

"रिक्षावाल्याच्या पोरीले देऊ म्हटलं होतं. पण उष्टं कसं देणार? मंग रिक्षात खाल्लं. लई गोड होतं." मग ढकलणाऱ्या बाईला म्हणाली, "चाल वं बाई."

तपासणीच्या रांगेत वऱ्हाडानं वाट करून दिली. गुलाबी फेट्यांमधून हिरवी साडी गेली. मी हात वर केला होता. तिनं मागं पाहिलं की नाही, दिसलं नाही.

मला वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही. चोरी पकडली जाते आणि कळतं की घरधनी पहिल्यापासून जागाच होता, तसं.

अर्धा तास झाला. काउंटरवरचा मुलगा टाइप करतोय. दोन फेटे धावत आले, त्यांना कार्डं मिळाली. मुलानं माझ्याकडे पाहिलेलं नाही. मी त्याच जागी बसायचो. समोरच्याला नाही म्हणायचं असलं की आम्हीही मान वर करत नसू. पण कामात असलो तरी करत नसू, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही.

मीनलचा मेसेज : दोघं बसलात का?

उत्तर दिलं नाही. तेवढ्यात कु.चा फोन. मागं इंजिनाचा आवाज, आणि तिचा आवाज त्याच्याही वर, लहान मुलीसारखा.

"बसली जी मी. खिडकीत. पट्टा लावला. पंख दिसून राहिला. ऐका नं, माह्या बाजूची जागा अजून रिकामी हाये. तुम्ही येऊन राहिले का?"

म्हटलं, "सब्लो."

ती म्हणाली, "बरं. मी पर्स ठेवते त्याच्यावर. कोणी आलं तर सांगते, माणूस हाये म्हणून."

मुलानं आता मान वर केली आहे. कुणाकडे पाहतोय, माझा चष्मा लिहिण्यापुरताच, इतक्या लांबून कळत नाही. वही मिटून काउंटरवर जातो.