नव्या कॅलेंडरच्या चाळीस घंटा

आदरणीय व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार.

आपले पत्र येऊन दीड महिना उलटला आणि उत्तराला आज मुहूर्त लागतो आहे, याची फार लाज वाटते. (दोनदा लिहायला बसलो होतो. एकदा शाई संपली, एकदा धीर.) आपला गुडघा आता वाकत असेल, विहीणबाईंचा खोकला थांबला असेल आणि आपण दोघे जिना उतरताना कठडा सोडत नसाल, अशी आशा करतो. आपली लेक, म्हणजे आमची सूनबाई, खुशाल आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचे वाचताना आपल्या छातीत धडधडेल. तिच्या हातचे काम जाता जाता राहिले. ते जायला आणि राहायला, दोन्हीला कारण मीच.

ती घरी बसून एका मोठ्या दातांच्या दवाखान्याचा कॉम्प्युटरवरचा कारभार सांभाळते, हे आपण जाणताच. तो प्रोग्राम दहा वर्षांपूर्वीचा. तो ज्या जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कवर (म्हणजे तयार सांगाड्यावर) उभा आहे, त्याला आता कुणी विचारत नाही म्हणे. सगळे पाडून नवे बांधावे, तर दवाखाना रोज चालू. म्हणून ती जुन्याच्या पोटात नव्या फ्रेमवर्कचा एकेक तुकडा बसवते. पहिला तुकडा पेशंटच्या वेळा नोंदवायच्या कॅलेंडरचा. मी सातवी पास (तीही दुसऱ्या खेपेला), पण चाळीस वर्षे नळजोडणी केली आहे, त्यामुळे ही गोष्ट तिच्या नवऱ्याच्या आधी माझ्या डोक्यात शिरली. जुन्या लोखंडी पाइपला नवा प्लास्टिकचा पाइप थेट बसत नाही. मध्ये पितळेचा जोड घालावा लागतो. तसा जोड ती लिहीत होती. पण मोठे डॉक्टर उतावीळ. शुक्रवारी जुन्यात नवे चालताना दाखवा, नाहीतर सगळेच काढून टाकतो आणि दुसऱ्या कंपनीचा तयार प्रोग्राम घेतो, असे त्यांनी बजावले होते. म्हणजे पोरीची सहा वर्षांची मेहनत पाण्यात!

गुरुवारी दुपारी तिला तासभर बाहेर जायचे होते. मुलगा आंघोळीला गेलेला (तो एकदा आत गेला की आम्ही वर्तमानपत्र वाचून संपवतो). ती मला म्हणाली, "बाबा, एवढं कराल? हे कॅलेंडर उघडायचं. मिनिटाभरात पेशंटच्या वेळेची आठवण देणारी घंटा वाजेल. वाजली की बंद करायचं. बाकी कशाला हात लावू नका हं." मी म्हटले, "तू निर्धास्त जा." ती गेली आणि मी खुर्ची पुढे ओढली. नळ बसवला की तो सात वेळा उघडून-बंद करून पाहायचा, ही आमच्या धंद्यातली शिस्त. मी तेच केले. उघडले, थांबलो, बंद केले. पुन्हा उघडले. मनाचे समाधान काही होईना. असे चाळीसेक वेळा झाले असेल. मध्येच खालच्या मजल्यावरचे शिंपी दारात येऊन उभे राहिले. दोन्ही हात कानांवर आणि तोंड सारखे हलते आहे. मला वाटले, उसवलेली पँट न्यायला आले. मी ती काढून दिली. ते पँटकडे पाहत राहिले आणि परत गेले.

थोड्या वेळाने सूनबाई धावतच आली. तिला म्हणे जिन्याच्या तळापासून घणघणाट ऐकू येत होता. स्क्रीन गोठलेला, माऊस मेल्यासारखा.

"बाबा, किती वेळा उघडलंत?"

"असतील चाळीस."

"चाळीस? अहो, मी एकदा म्हटलं होतं!"

तेवढ्यात मुलगा टॉवेल गुंडाळून बाहेर आला. "गॅस बंद आहे हे पटायला त्यांना सात फेऱ्या लागतात, आणि तू त्यांच्या हाती कॅलेंडर देऊन गेलीस? धन्य आहेस!"

सूनबाई रडकुंडीला आलेली. मी देवाशपथ सांगतो, व्याहीबुवा, त्या घडीला मला आपलेच तोंड दिसत होते. पण ती खुर्चीत बसली आणि एकदम टेबलावर हात आपटून म्हणाली, "अरेच्चा! हे तर दवाखान्यात झालं असतं!" मग तिने समजावले. मी कॅलेंडर बंद करी, तेव्हा जुना प्रोग्राम आपली जागा रिकामी करून मोकळा होई. पण आत बसवलेल्या नव्या तुकड्याला, "बाबा रे, तूही निघ आता," असे कुणी सांगतच नव्हते. तो न दिसता मागे जिवंत राहायचा आणि दर मिनिटाला घंटा वाजवायचा. अशी चाळीस भुते मी तासाभरात जमवली. दवाखान्यात वेळा नोंदवणारी बाई दिवसभरात शंभर वेळा ते उघडते. भर दुपारी पेशंट आ वासून बसलेले असताना सगळे ठप्प झाले असते. निरोप द्यायची ती ओळ तिने जोडात घातली. शुक्रवारी डॉक्टरांनी स्वतः वीस वेळा उघडून पाहिले, घंटा एकच. काम राहिले! "इतकं कसून कोणी तपासलं?" असे त्यांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या सासऱ्यांनी." मुलाने त्या दिवशी मला स्वतःहून चहा करून दिला.

विहीणबाईंना नमस्कार. जिना सांभाळावा.

आपला,
व्याही

ता. क. एक गोष्ट वर लिहायचा धीर झाला नाही. ती घंटा मला एकदाही ऐकू आली नाही (घरच्यांचे बोलणे मी सवयीने ओठांवरून जमवतो). वाजतच नाही असे वाटून मी उघडत गेलो. घरात हे कुणाला ठाऊक नाही आणि सूनबाईचा माझ्यावरचा विश्वास पाहून आता सांगवतही नाही. पुढच्या महिन्यात पेशंटचा नंबर दाखवणारा रांगेचा फलक बसायचा आहे, त्यात तीन निरनिराळ्या घंटा आहेत आणि तपासनीस म्हणून मीच ठरलो आहे. तरी आपण लेकीला भेटायच्या निमित्ताने आठ दिवस यावे आणि माझ्या शेजारी बसावे. पहिली वाजली की टेबलाखालून पायाला एकदा डिवचावे, दुसरीला दोनदा, तिसरीला तीनदा.

ता. ता. क. आपल्यालाही डाव्या कानाने कमी येते, असे विहीणबाई लग्नात म्हणाल्याचे मी ऐकले होते. (माझ्या ऐकण्याचा भरवसा किती, हे आपल्याला आता कळलेच आहे.) तसे असल्यास विहीणबाईंनाच पाठवावे. उत्तर लवकर धाडावे, वाट पाहतो आहे. फोन मात्र करू नये.