भाऊजींची चौतीस इंची कंबर

ती. भाऊजी यांना,

मोजपट्टी गळ्यातून काढून, बाजूला ठेवून, दोन्ही हात जोडून धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. ताईलाही नमस्कार सांगा, पण हे पत्र तिच्या हाती पडण्याआधी तुम्ही स्वतः दोनदा वाचा.

तब्येत कशी आहे असं सुरुवातीला विचारायची रीत आहे, म्हणून विचारतो. पण कृपा करून 'एकदम ठणठणीत' असं उत्तर देऊ नका. तुम्ही ठणठणीत असल्याचा जो कागद तुम्ही लॅमिनेट करून जेवणाच्या टेबलामागे लावलाय, त्या कागदाविषयीच हे पत्र आहे. तुम्ही म्हणाल, दोन गल्ल्या पलीकडे राहतोस, पत्र कसलं लिहितोस? भाऊजी, मी दोनदा येऊन गेलो. पहिल्यांदा आलो तेव्हा तुमच्याकडे पाहुणे होते. तुम्ही चहा दिलात (तुमच्या कपात तीन चमचे साखर, मी बघत होतो), बिस्किटांचा डबा पुढे केलात आणि कागदाकडे बोट दाखवून पाहुण्यांना म्हणालात, "आमच्या मेहुण्याने स्वतः मोजलंय. चौतीस!" त्या वेळी माझ्या तोंडात बिस्किट होतं. दुसऱ्यांदा पाहुणे नव्हते, तरीही मी चार बिस्किटं खाऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो. समोर बसून सांगायची छाती होत नाही. म्हणून हे लिहून, बटण लावायला दिलेल्या तुमच्या निळ्या शर्टाच्या खिशात घालून पाठवतोय. (बटण लावलंय. बाकीचीही पक्की केलीत.)

आता मुळापासून सांगतो. माझ्या दुकानासमोरच्या दवाखान्यात त्या संशोधक डॉक्टरीणबाई आल्या, त्याला आता दीड वर्ष होईल. त्यांचं संशोधन मेटाबॉलिक सिंड्रोमवर. हे नाव मला पाठ व्हायला आठवडा लागला. त्यांनी मला समजावलं ते असं, की पोटाचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, रक्तातली एक वाईट चरबी जास्त आणि एक चांगली चरबी कमी, अशा पाच गोष्टी बघायच्या. पाचांतल्या तीन बिघडलेल्या निघाल्या की माणूस त्या सिंड्रोमात बसला. पुढे हृदय आणि मधुमेह दोन्ही त्याच्या मागे लागायची भीती. आणि हे सगळं आपण काय खातो, किती गोड पितो, किती वेळ बसून काढतो याच्याशी कसं जोडलेलं आहे ते त्यांना शोधायचं होतं. म्हणून सगळ्यांना सात दिवसांची आहारवही दिली होती. (तुमची वही मी पाहिलीय. सोमवारी 'चहा, बिस्किटं काही', मंगळवारी 'वरीलप्रमाणे', आणि बुधवारपासून नुसत्या खुणा. बाईंनी विचारलं, "'काही' म्हणजे किती?" मी म्हटलं, आमच्या भाऊजींच्या घरी पुडा एकदा फोडला की तो परत बंद करत नाहीत.)

दवाखान्यात खोली एकच, तिथे रक्त काढायचे. घेर मोजायला जागा नव्हती. बाईंनी समोर पाहिलं तर माझं दुकान, माझा पडदा लावलेला कोपरा आणि माझ्या गळ्यातली मोजपट्टी. पस्तीस वर्षं लोकांच्या कमरा मोजणारा माणूस समोर असताना दुसरा कशाला शोधायचा, असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगतो, मलाही वाटलं. त्यांनी मला अर्धा तास शिकवलं. शेवटची बरगडी बोटाने चाचपायची, कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा, दोघांच्या बरोबर मध्ये पट्टी धरायची, माणसाला श्वास सोडायला सांगायचा आणि मग आकडा वाचायचा. मी मान डोलवली. मनात म्हटलं, आता मला कंबर कुठे असते ते शिकवणार!

आणि मी मोजलं आपल्या पद्धतीने. पँट जिथे बसते तिथे. सुटलेल्या पोटाच्या माणसाची पँट कुठे बसते हे तुम्हाला मी सांगायला नको. पोट वर राहतं आणि पट्टा खालून जातो. ही पहिली चूक. दुसरी त्याहून वाईट. आमच्या धंद्यात जाड गिऱ्हाइकाला खरा आकडा ऐकवत नाहीत. दोन इंच कमी सांगायचे आणि खरं माप वहीत आपल्या खुणांच्या भाषेत लिहायचं, जी गिऱ्हाइकाला वाचता येत नाही. गिऱ्हाईक खूश होऊन जातं, कपडाही बरोबर बसतो, कुणाचंच काही बिघडत नाही. पण बाईंच्या फॉर्मवर आकडा स्वच्छ अंकांत लिहायचा होता आणि प्रत्येक जण माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. अशा वेळी हात कसा चालणार? तोंडाने बत्तीस म्हणून कागदावर चौतीस लिहायचं? मला जमलं नाही. मी फॉर्मवर सभ्यपणाचा आकडा लिहीत गेलो, खरा माझ्या वहीत. असे दोनशे बारा जण, भाऊजी. इतका सभ्य मी आयुष्यात कधी वागलो नसेन.

मग बाईंच्या हिशेबात एक अजब गोष्ट निघाली. आपल्या वस्तीतल्या लोकांच्या कमरा बारीक, पण रक्त बिघडलेलं! बाई हरखून गेल्या. म्हणाल्या, मास्तर, हे काहीतरी नवीन दिसतंय. बारीक माणसांनाही हा आजार असा लपून होतो म्हणजे आहारातलं दुसरंच काहीतरी कारण असणार. वर्षभर त्या तेच शोधत बसल्या. लोकांच्या आहारवह्या उलटसुलट करून पाहिल्या, बेकरीत जाऊन मैदा कुठून येतो ते विचारून आल्या. निबंध लिहिला. मोठ्या सभेत वाचायचं बोलावणं आलं. सभेसाठी त्यांनी नवा पांढरा कोट शिवायला टाकला, तो माझ्याकडेच.

मी माप घेतलं, तोंडाने बत्तीस म्हटलं आणि सवयीने वहीत खरं लिहून कोट शिवला. झकास बसला. तिसऱ्या दिवशी बाई तो कोट हातावर टाकून आल्या. (मोजण्याची खोड लागलेलं माणूस. घरी जाऊन त्यांनी कोटालाच पट्टी लावली होती.)

"मास्तर, तुम्ही बत्तीस म्हणालात. कोट छत्तीसचा आहे."

"कोटात सैलपणा ठेवावा लागतो, बाई."

"किती?"

"दोन इंच."

"मग उरलेले दोन?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या वहीकडे, आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या. विचारलं, "सगळ्यांचंच?" मी म्हटलं, सगळ्यांचंच. वही पुढे केली, खुणा वाचून दाखवतो म्हणालो. पण मी पट्टी कुठे धरतो ते करून दाखवल्यावर त्यांनी वही मिटली. मापं खरी असली तरी जागा चुकलेली, आता दोनशे बाराच्या दोनशे बारा पुन्हा मोजायचे. निबंध त्यांनी त्याच दिवशी परत मागवला. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं. कोटाबद्दल मात्र जाताना म्हणाल्या, शिलाई छान आहे.

तेव्हापासून मी दुपारी दुकान बंद ठेवून घरोघर फिरतोय, आणि लोकांना सांगतोय की तुम्ही कागदावर आहात तेवढे बारीक नाही. स्वागत कसं होतं ते विचारू नका. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने मला अर्धी दाढी झालेली असताना खुर्चीतून उठवलं. शाळेच्या बाईंनी दार लावून घेतलं आणि आतून म्हणाल्या, दुसऱ्या कुणाचं तरी माप तुम्ही माझं म्हणून सांगताय. दोनशे अकरा जणांना सांगून झालं. राहिलात तुम्ही.

भाऊजी, तुमचा रक्तदाब वाढलेला होता. साखरही रेघेच्या जरा वर होती. पाचातल्या दोन झाल्या. तिसरी होती कंबर, आणि तिथे बाईंनी पुरुषांसाठी साडेपस्तीसची रेघ आखली होती. मी लिहिलं चौतीस. म्हणून तुम्हाला तो कागद आला, की तुम्ही सिंड्रोमात बसत नाही. तो कागद येईपर्यंत ताईने सहा महिने झटून तुमचा चहा बिनसाखरेचा केला होता, तुम्हाला रोज सकाळी चालायला नेत होती. कागद आला आणि तुम्ही बूट माळ्यावर टाकलेत. आता पाय बधिर होतात तर तुम्ही नव्या चपलांना दोष देता. परवा ताईचा फोन आला होता. मला वाटलं तिला कळलं, आता रागावेल. तर एवढंच म्हणाली, "तूच मोजलंस ना रे? मग मी काय बोलणार त्यांना?" ते वाक्य कानातून जात नाही.

तुमची कंबर एकेचाळीस आहे. तीही माझ्या जागेवर मोजून; बाईंच्या जागेवर किती भरेल ते मला माहीत नाही. लग्नापासून चौतीस म्हणता ना, ती चौतीस फक्त पँटच्या आतल्या चिठ्ठीवर आहे. दर दोन-अडीच वर्षांनी तुमची पँट दुरुस्तीला आली की मी शिवण उसवून अर्धा इंच सैल करत होतो आणि चिठ्ठी तीच परत टाचत होतो. नव्या पँटलाही तीच. का केलं म्हणाल तर, मी एकोणीस वर्षांचा असताना मला कुणी रुमाल शिवायला देत नव्हतं. तुम्ही नवं कोरं पँटपीस दिलंत. मी एक पाय दीड इंच आखूड शिवला आणि तुम्ही ती पँट वर्षभर ऑफिसात घालून गेलात, वर लोकांना माझा पत्ता दिलात. अशा माणसाला जाड कसं म्हणायचं? वाटायचं, तुम्हाला बरं वाटतंय ना, मग झालं. आता वाटतं, तुम्ही माझी चूक सगळ्यांसमोर घालून फिरलात, आणि मी तुमची लपवून ठेवली. मला माफ करा. सावकाश केलंत तरी चालेल.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. – येत्या गुरुवारी सकाळी, उपाशीपोटी, दवाखान्यात पुन्हा मोजणी आहे. या वेळी नर्सबाई मोजणार आहेत. मला पट्टीला हात लावायची मनाई आहे. मी दाराशी नावं लिहायला आहे. यायचं एवढीच विनंती. येताना तो लॅमिनेट केलेला कागद घेऊन या, बाईंना परत हवाय.

ता. क. दुसरा – वरचं वाचून वाटेल की हे सगळं तुमच्यासाठी लिहितोय. ते अर्धंच खरं आहे. पट्टी कुठे धरायची हे नर्सबाईंना दाखवताना बाईंना एक पोट हवं होतं, ते माझंच घेतलं. त्रेचाळीस भरलं. मग बाई म्हणाल्या, आता रक्तही देऊनच टाका. पाचातल्या चार निघाल्या आहेत, आणि त्याच दिवशी हृदयाचा आलेख काढला, तो पाहून त्यांनी लगेच दुसऱ्यांदा काढायला लावला. काय ते गुरुवारी सांगणार आहेत, सोबत घरचं कुणीतरी आणा म्हणाल्या. ताईला कळवलेलं नाही. मला एकट्याने जायची फार भीती वाटते, भाऊजी. तुमची कंबर नंतर मोजली तरी चालेल, पण त्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसा.